जादू घरी का रमला नाही

'कोई... मिल गया' ८ ऑगस्ट २००३ रोजी प्रदर्शित झाला. राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवरासारख्या गावात असा चित्रपट तीन वाटांनी पोचायचा. कुणी श्रीरामपूरला किंवा नगरला जाऊन थिएटरात पाहायचं, कुणी सीडी भाड्यानं आणायचं, उरलेले केबलवर लागायची वाट पाहायचे. वाट कुठलीही असो, पोरांच्या तोंडी शेवटी त्यातल्या जादू या परग्रहवासीचा एकच शब्द उरला, 'धूप'. उन्हाकडे तळहात करून तो शब्द म्हणायचा आणि अंगात शक्ती संचारल्यासारखं पळत सुटायचं. (देवळाली म्हटलं की पुष्कळांना नाशिकजवळचा कॅम्प आठवतो. ही देवळाली वेगळी. प्रवरेच्या उजव्या कालव्याखालची, उसाची, नगरपरिषदेची.)

एवढं वेड लागल्यावर जादूला टीव्हीवर आणावं असं कुणालाही वाटलं असतं, आणि तसं झालंही. २००४ मध्ये निकलोडियन वाहिनीवर 'जे बोले तो जादू' ही मुलांची मालिका आली. पुढे २०१३ मध्ये, 'क्रिश ३' आला त्याच वर्षी, कार्टून नेटवर्कवर 'किड क्रिश' हे कार्टूनपट आले. म्हणजे मुंबईत घडलेल्या एकाच विज्ञानपटमालेनं टीव्हीसाठी दोनदा प्रयत्न केला. पुढचं आपल्याला ठाऊक आहे. वीस वर्षं झाली म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये 'कोई... मिल गया' पुन्हा थिएटरांत लागला, आणि लहानपणी तो पाहिलेले आईबाप आपल्या मुलांना घेऊन गेले. 'जे बोले तो जादू' अशी मालिका होती, हे मात्र आज सांगावं लागतं.

हे एकट्या जादूच्या नशिबी आलेलं नाही. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या पाच चित्रपट चाललेल्या मालेवरची अमेरिकी मालिका १९७४ साली तीन-चार महिन्यांत गुंडाळली गेली. 'लोगन्स रन'ची मालिका १९७७ मध्ये सुरू झाली आणि १४ भागांवर थांबली. 'रोबोकॉप' १९९४ मध्ये टीव्हीवर आला आणि एकाच हंगामात संपला. 'मायनॉरिटी रिपोर्ट'च्या मालिकेचे १३ भाग ठरले होते, २०१५ मध्ये ते १० वर आणले गेले. पैसा होता, नाव होतं, प्रेक्षक आधीपासून ओळखीचा होता. तरी इतक्या वेळा तेच का घडावं?

माझं उत्तर असं आहे. विज्ञानपट एक प्रश्न विचारतो आणि अडीच तासांत त्याचं उत्तर देऊन मोकळा होतो. मालिकेला दर आठवड्याला नव्यानं उभा राहणारा प्रश्न लागतो. चित्रपटावरून मालिका काढणारे बहुतेक वेळा चित्रपटाचा चेहरा उचलतात, म्हणजे नाव, पोशाख, यान, राक्षस. प्रश्न मात्र चित्रपटातच संपलेला असतो.

जादूचंच पाहा. चित्रपटाचा नायक रोहित याचं शरीर वाढलं आहे, बुद्धी लहान मुलाची राहिली आहे. आभाळातून एक जीव येतो आणि त्याला ते सगळं देतो जे जन्माआधीच्या अपघातानं हिरावून घेतलं होतं. मग तो जीव परत जातो. तो गेल्यावर रोहितकडे काय उरणार, हा या कथेचा प्रश्न आहे, आणि शेवटी त्याचं उत्तर मिळतं. आपण रडतो आणि मग समाधानानं उठतो. या कथेत जादूचं जाणं हे त्याच्या येण्याइतकंच महत्त्वाचं आहे. जो जाणारच नाही, रोज संध्याकाळी घरात असेल, तो हा जादू नव्हेच. शिवाय त्याची शक्ती अमर्याद आहे, फक्त ऊन हवं. अडचण आली, ऊन पडलं, अडचण सुटली. चित्रपटात हे दोनदा-तीनदा आनंद देतं. विसाव्या भागात पाहणारं मूल ऊन पडण्याआधीच उठून खेळायला जातं.

स्टीव्हन स्पीलबर्गना हे चांगलं कळलं होतं. 'ई. टी.' १९८२ मध्ये जगभर तुफान चालला, तरी त्याचा दुसरा भाग त्यांनी काढला नाही. 'कोई... मिल गया'चे दिग्दर्शक राकेश रोशन यांनीही २००६ च्या 'क्रिश'मध्ये जादूला पुन्हा आणलं नाही. त्यांनी रोहितच्या मुलाची, कृष्णाची गोष्ट सांगितली. जादूनं दिलेली देणगी पुढच्या पिढीत उतरली तर काय होईल, हा नवा प्रश्न होता, म्हणून नवा चित्रपट उभा राहिला. चित्रपटवाल्यांनी जी काळजी घेतली ती टीव्हीकडे जाताना सुटली, असं मला वाटतं.

आता दुसऱ्या बाजूनं पाहू. २००४ हे आपल्याकडच्या मुलांच्या वाहिन्यांसाठी गर्दीचं वर्ष होतं. १ जानेवारीला पोगो सुरू झाली, सप्टेंबरमध्ये हंगामा, डिसेंबरमध्ये डिस्ने. कार्टून नेटवर्क आणि निकलोडियन आधीपासून होत्याच. या गर्दीत थोड्याच काळात एक जपानी पाहुणा हिंदी बोलत घरात शिरला आणि आजतागायत बाहेर पडलेला नाही, तो म्हणजे डोरेमॉन. गोष्ट तर जवळजवळ जादूचीच. शाळेत मागे पडणारा, दांडगटांकडून मार खाणारा नोबिता नावाचा मुलगा, आणि भविष्यातून त्याच्या मदतीला आलेला एक गोल, गोड जीव. फुजिको एफ. फुजिओ यांनी हे चित्रकथेच्या रूपात १९६९ च्या अखेरीस सुरू केलं. जपानी टीव्हीवर १९७९ पासून चाललेली मालिका २००५ मध्ये नव्या रूपात आली आणि पुढे चालूच राहिली.

मग डोरेमॉन चालतो आणि जादू का नाही? डोरेमॉनच्या पोटावरच्या खिशातून दर वेळी वेगळं यंत्र निघतं. ते यंत्र नोबिताची आजची अडचण सोडवतं आणि लगेच नोबिताच्या लोभामुळे किंवा आळसामुळे नवी, आधीपेक्षा मोठी अडचण तयार होते. शक्ती मदतनीसाकडे असली तरी ती वापरणारा मुलगा चुकणारच, हे ठरलेलं आहे. नोबिता सुधारत नाही, म्हणून गोष्ट संपत नाही. रोहित पहिल्याच चित्रपटात सुधारला, आणि तो सुधारावा म्हणूनच तर आपण तिकीट काढलं होतं. दोन्ही गोष्टींचा कच्चा माल एक आहे. एक बांधणी शेवटाकडे नेणारी आहे, दुसरी पुन्हा पहिल्या पायरीवर आणणारी.

'प्लॅनेट ऑफ द एप्स'ची कथा मी थोडी सविस्तर सांगतो, कारण मालिका फसण्याची जवळजवळ सगळी कारणं तिच्यात सापडतात. १९६८ चा मूळ चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना समुद्रकिनाऱ्यावर वाळूत रुतलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आठवत असेल. माकडांचा हा परका ग्रह म्हणजे आपलीच पृथ्वी, हे त्या एका दृश्यात कळतं आणि अंगावर काटा येतो. सप्टेंबर १९७३ मध्ये सीबीएस वाहिनीनं हा चित्रपट दाखवला तेव्हा प्रेक्षकसंख्या प्रचंड होती. त्या आकड्यांवर विसंबून वर्षभरात मालिका उभी केली गेली. एका भागाला सुमारे अडीच लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या मानानं भरपूर खर्च. चित्रपटांत गाजलेले रॉडी मॅकडॉवल पुन्हा वानराच्या भूमिकेत. वाहिनीनं हातचं काहीच राखून ठेवलं नव्हतं.

पण पुतळ्याचं रहस्य तर सगळ्या जगाला कळलेलं. मालिकेनं पहिल्याच भागात दोन अंतराळवीरांना एका जुन्या पुस्तकातलं न्यूयॉर्कचं चित्र दाखवून ते उरकून टाकलं. दुसरा मोठा प्रश्न उरला नव्हता, म्हणून दर शुक्रवारी तेच चक्र सुरू झालं. दोघं माणसं आणि त्यांचा वानर मित्र पळतात, एका नव्या वस्तीत पोचतात, कुणीतरी पकडलं जातं, बाकीचे सोडवतात, पुन्हा पळतात. पाठलाग करणारा सेनापती दर आठवड्याला हरणार हे प्रेक्षकाला दुसऱ्याच आठवड्यात समजलं, आणि हरणाऱ्या शत्रूची भीती कुणाला वाटते? वानरांचा रंगभूषेचा साज चढवायला कित्येक तास लागत. चित्रपटासाठी ती कला जॉन चेंबर्स यांनी घडवली होती आणि त्यांना त्याबद्दल खास ऑस्करही मिळालं होतं. मालिकेच्या धावपळीत त्याच साजाचं ओझं झालं. पहाटेपासून चेहरे रंगवायचे, मग दिवसाच्या उरलेल्या उजेडात चित्रीकरण उरकायचं. वानर कमी दिसतील आणि माणसांची वस्ती जास्त दिसेल अशा कथा लिहाव्या लागल्या, तर माणसं टीव्ही लावत होती वानरांसाठी.

जादूचा पोशाख ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कोल्मर यांनी घडवला होता आणि तो अंगावर चढवून इंद्रवदन पुरोहित हे छोट्या चणीचे अभिनेते काम करत होते. चित्रपटाच्या दृश्यपरिणामांसाठी मार्क कोल्बे आणि क्रेग मम्मा हे हॉलिवूडचे जाणकार आणले गेले होते. मोठ्या पडद्यावर एका दृश्यासाठी दिवसचे दिवस देता येतात. मुलांच्या वाहिनीच्या मालिकेला ते परवडत नाही. बोलक्या चेहऱ्याचा परग्रहवासी जेव्हा फक्त पोशाख होऊन उभा राहतो, तेव्हा मुलांना ते सगळ्यात आधी कळतं. 'किड क्रिश'नं कार्टूनची वाट धरून खर्चाचा हा पेच सोडवला, आणि ते शहाणपणाचं होतं. पण तिथं 'छोटा भीम' २००८ पासून ठाण मांडून बसला होता. भीमाला ढोलकपूर आहे, लाडू आहेत, कुरापती काढणारा कालिया आहे. एक पूर्ण गाव आहे. छोट्या क्रिशकडे मोठ्या क्रिशची आठवण होती.

खर्च हेच मुख्य कारण म्हणावं तर 'शक्तिमान' आडवा येतो. सप्टेंबर १९९७ ते मार्च २००५ इतका काळ तो दूरदर्शनवर चालला. त्याचं उडणं आणि गरगर फिरणं तेव्हाही साधंच दिसत होतं. तरी रविवारी दुपारी देवळालीच्या गल्ल्या ओस पडत. शक्तिमान टीव्हीवरच जन्मला होता, त्याच्याआधी कुठला भव्य शक्तिमान कुणी पाहिला नव्हता, म्हणून त्याची तुलना कशाशीच होत नव्हती. शिवाय त्याच्याकडे गंगाधर होता. घाबरट, चष्मेवाला, हसं करून घेणारा वृत्तपत्राचा छायाचित्रकार. शक्तिमान जिंकणार हे ठरलेलं असलं, तरी गंगाधर आज कसा निसटणार हे ठरलेलं नसायचं. चित्रपटातून आलेल्या मालिकेच्या वाट्याला मात्र आईबापांशी तुलना जन्मापासून येते.

आणि जिथं मालिका फळली तिथं काय होतं? रोलंड एमरिख यांचा 'स्टारगेट' १९९४ मध्ये आला. एमरिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढचे चित्रपटच करायचे होते. तरी १९९७ मध्ये मालिका निघाली आणि 'स्टारगेट एसजी-१'चे १० हंगामांत २१४ भाग झाले. तिनं चित्रपटातला राजा, पिरॅमिड, वाळवंट यांना मध्यवर्ती ठेवलं नाही. तिनं उचललं ते दार. एक गोल कडं, ज्यातून पलीकडे गेलं की दुसरा ग्रह. चित्रपटात ते दार एकाच ठिकाणी नेत होतं. मालिकेनं म्हटलं, अशी दारं असंख्य ग्रहांवर आहेत. झालं. दर आठवड्याचा प्रश्न तयार. पलीकडचे बरेचसे ग्रह व्हँकूव्हरच्या आसपासच्या जंगलात चित्रित झाले आणि प्रेक्षकांनी ते मान्य केलं, कारण तिथं कोण भेटणार याची उत्सुकता खरी होती.

आता वेळेची गोष्ट. आमच्याकडे कालव्याला भंडारदऱ्याचं पाणी आवर्तनानं येतं. चित्रपट हा मृगाचा पाऊस आहे, येईल त्या दिवशी सगळं सोडून माणूस बाहेर पडतो. मालिका मात्र आवर्तनासारखी असते. तारीख ठरलेली हवी आणि ती पाळली जायला हवी. एक आवर्तन चुकलं तर शेतकरी वाट पाहतो, दोन चुकली तर पीकच बदलतो. 'टर्मिनेटर'वरची 'द सारा कॉनर क्रॉनिकल्स' ही मालिका नेमकी अशी वाळली. मला ही मालिका मनापासून आवडते. सूड आणि धावाधावीच्या चित्रपटांतून तिनं आई-मुलाची, सततच्या भीतीत वाढणाऱ्या घराची गोष्ट काढली. प्रश्न नवा होता आणि दर आठवड्याला टिकणारा होता. जानेवारी २००८ मध्ये तिचा पहिला भाग एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास लोकांनी पाहिला. पण तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांचा संप चालू होता. १३ भागांऐवजी ९ च झाले आणि मग अनेक महिने खंड पडला. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर ती सोमवारवरून शुक्रवारी हलवली गेली. शुक्रवारी संध्याकाळी तिथला तरुण प्रेक्षक घराबाहेर असतो. पाहणारे गळत गेले आणि ३१ भागांवर ती बंद झाली.

आपल्याकडच्या गावांत हे दुखणं आणखी खोल होतं. जादूची मालिका आली त्या काळात आणि पुढची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन तासन् तास चालायचं. संध्याकाळची वीज कधी जाईल याचं वेळापत्रक घरातल्या बाईला मालिकांच्या वेळापत्रकाहून जास्त पाठ असे. त्यातून अनेक घरांत छपरावरचा अँटेनाच होता, म्हणजे फक्त दूरदर्शन. मुलांची वाहिनी केबल असलेल्यांनाच दिसायची, आणि केबलवाल्यानं ती लावलेली असली तरच. चुकलेला भाग पुन्हा पाहायची सोय नव्हती. चित्रपटाची सीडी मात्र वीज आल्यावर केव्हाही लावता यायची. तेव्हा जादू या गावांना चित्रपटातच भेटत राहिला तर त्यात नवल नाही.

सारा कॉनरच्या शेवटाला आणखी एक पदर आहे. मे २००९ मध्ये 'टर्मिनेटर साल्व्हेशन' हा नवा चित्रपट थिएटरांत आला, त्याच महिन्यात मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं. दोन्हींत साराचा मुलगा जॉन कॉनर होता, पण दोन्हींतला काळ आणि घटना एकमेकांना ओळख देत नव्हत्या. मालिकेला फाटे पुष्कळ होते, पण मुख्य वस्तू, म्हणजे माणूस आणि यंत्राचं भविष्यातलं युद्ध, चित्रपटासाठी राखून ठेवलेली. हे जवळपास सगळीकडे घडतं. चित्रपटाचा मालक मौल्यवान पात्र, मोठं रहस्य, नायकाचा खरा चेहरा पुढच्या चित्रपटासाठी तिजोरीत ठेवतो आणि मालिकेला वळचणीची जागा देतो. रोहित झालेले हृतिक रोशन दर आठवड्याला येणार नव्हते, आणि रोहितविना जादूला घर कुठलं?

अलीकडे यातून एक वेगळाच प्रकार रूढ होतो आहे. नाग अश्विन यांचा 'कल्की २८९८ एडी' जून २०२४ मध्ये आला. त्याच्या चार आठवडे आधी 'बुज्जी अँड भैरवा' हे दोन भागांचं कार्टून ॲमेझॉन प्राइमवर आलं. ते बनवलं 'छोटा भीम'वाल्या ग्रीन गोल्डनं. दोनच भाग, चित्रपटाच्या तोंडावर, त्यातल्या गाडीची आणि नायकाची ओळख करून देणारे. हे पाहायला चांगलं आहे, पण ती मालिका नाही. ती चित्रपटाची दवंडी आहे, आणि तिला त्याच मापानं मोजावं.

मराठीत विज्ञानपटांची अशी मालाच तयार झालेली नाही, तेव्हा तिच्यातून मालिका निघण्याचा प्रश्न येत नाही. पण मला यात अडचण कमी आणि संधी जास्त दिसते. मराठी विज्ञानकथा वाढली ती दिवाळी अंकांत आणि मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत. १९७४ साली त्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावानं आलेली 'कृष्णविवर' ही कथा जयंत नारळीकरांची निघाली. त्यांच्या 'धूमकेतू' या कथेवर पुढे हिंदी चित्रपटही झाला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा साठा वाढवला. या कथांचा घाट पाहा. एक कल्पना, तीन-चार माणसं, बहुधा आपल्याच घरासारखं घर, आणि एक गाठ जी त्याच कथेत सुटते. यंत्रमानवांच्या फौजा नाहीत, जळणारी शहरं नाहीत. टीव्हीला परवडणारा आणि टीव्हीला हवा असलेला हाच घाट आहे. अमेरिकेत 'ट्वायलाइट झोन' १९५९ ते १९६४ याच बळावर चालला. दर आठवड्याला वेगळी कथा, वेगळी माणसं, चार भिंतींतला सेट.

आणि एकच जागा, एकच माणसं हवी असतील तर दारही जवळच आहे. देवळालीच्या शेजारी राहुरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, १९६८ मध्ये स्थापन झालेलं. डाळिंबाचा भगवा, उसाचा फुले २६५ हे वाण शेतकऱ्याच्या तोंडी आहेत, ते या विद्यापीठाच्या कामातून आलेले. अशाच एका प्रयोगशाळेत उद्याची गोष्ट घडते असं धरा. दहा-वीस वर्षं पुढचा काळ. पाऊस बदललेला, जमीन खारावलेली, बियाण्यावर कुणाची तरी मालकी. एक अनुभवी बाई वनस्पतिरोगतज्ज्ञ, एक तरुण साहाय्यक, एक निवृत्तीला आलेला शिपाई ज्याला प्रत्येक गावची माती माहीत. पहिल्या भागात कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी असा ऊस घेऊन येतो, ज्याच्या पानांवरचे डाग कुठल्याच नोंदीत नाहीत. दुसऱ्या भागात अकोल्याहून एक मधपाळ येतो, त्याच्या पेट्यांतल्या माश्या रात्री बाहेर पडू लागल्या आहेत. तिसऱ्यात कुणी आणखी. प्रयोगशाळा तीच, माणसं तीच, खर्च आवाक्यातला, आणि दर आठवड्याला दारात नवा माणूस नवा नमुना घेऊन उभा.